शिबिर, ॲप की वर्षभराचा पाठपुरावा? कंपनीने पैसे कुठे घालावेत

मार्चअखेर आली की एचआरच्या टेबलावर साधारण तीन कोटेशन्स जमतात: एक दिवसाचं आरोग्य शिबिर, पावलं मोजणारं ॲप आणि आहारतज्ज्ञासह वर्षभराचा पाठपुरावा. पोट सुटलेले, साखर-बीपी काठावर आलेले कामगार बरेच असतील, तर माझं मत तिसऱ्याला.

शिबिर सर्वांत स्वस्त, फोटोही झकास येतात. पण त्यातून धोका कुणाला आहे एवढंच कळतं, तेही तपासणी नीट झाली तर. तिसऱ्या पाळीतला माणूस पहाटे तीनला डबा खातो आणि नऊला रक्त देतो. उपाशीपोटीच्या साखरेला किमान आठ तास पोट रिकामं लागतं, मग त्या रिपोर्टला अर्थ काय? अशांची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी करा. तिला उपाशी राहावं लागत नाही, 5.7 ते 6.4 टक्के म्हणजे काठावर. अंगात रक्त कमी असेल तर मात्र हा आकडा फसवतो, म्हणून हिमोग्लोबिनही बघायचं. आणि टेप विसरू नका: पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटर, बायकांची 80, त्यापुढे सावध.

ॲपच्या स्पर्धेत जिंकतात ते आधीपासून चालणारेच. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने आपल्या कर्मचाऱ्यांवर केलेल्या आरोग्य-कार्यक्रमाच्या प्रयोगात हेच दिसलं: बक्षिसं देऊनही कार्यक्रमात आले ते मुळातच कमी आजारी, कमी वैद्यकीय खर्चाचे लोक. बीजेज होलसेल क्लब या अमेरिकी दुकानसाखळीत तर अशाच कार्यक्रमाच्या 18 महिन्यांनंतर ‘मी व्यायाम करतो’ म्हणणारे वाढले. वजन, साखर, रजा, खर्च जागच्या जागी.

पाठपुराव्याचं पारडं जड आहे ते आपल्याकडच्याच पुराव्यामुळे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासात साखर काठावर असलेल्यांपैकी नुसता साधा सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत 55 टक्क्यांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाचा सतत पाठपुरावा झालेल्या गटात 39 टक्क्यांना. तेवढा खर्च झेपत नसेल? 2013 च्या अभ्यासात नोकरदार पुरुषांना नियमित मोबाइल मेसेज पाठवले गेले. दोन वर्षांत मधुमेहाचं प्रमाण 27 ऐवजी 18 टक्के राहिलं. म्हणजे सगळ्या कंपनीला थोडंथोडं वाटण्यापेक्षा काठावरच्यांना धरून राहा.

कोटेशनमध्ये न येणारी एक गोष्ट म्हणजे कॅन्टीन. चहाच्या मशीनच्या प्रीमिक्समध्ये साखर बहुधा आधीच घातलेली असते. दिवसाला चार कप पिणाऱ्याला आहारतज्ज्ञ तरी काय सांगणार? बिनसाखरेचं प्रीमिक्स मागवा, साखर बाजूला ठेवा. रात्रपाळीला वडापावसोबत उसळही मिळू द्या.

सही करण्याआधी दोन अटी लेखी घ्या. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, एचआरकडे फक्त नाव नसलेली बेरीज. नाहीतर बढतीच्या धास्तीने खरे रुग्णच तपासणीला येणार नाहीत. दुसरी, भेटी पाळीच्या वेळेत, कामाच्या तासांतच.