मनगटावर कायम ९७

मनगटावर बांधून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा पट्टा ५,९९९ रुपयांचा, वर महिन्याला ४९९ रुपये. विक्रेत्याची बोली अशी की रुग्णाचा ऑक्सिजन उतरला की 'कंट्रोल रूम'मधून डॉक्टरांचा फोन येईल. सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) आजोबा एक जिना चढून आले, ओठ निळसर, दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. पट्टा म्हणतो ९७. दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा (ऑक्सिमीटर) लावला तर ८४. फोन कुणाचाच आला नव्हता.

ऑक्सिजन मोजायला दोन प्रकाश लागतात: साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी निघते. स्वस्त पट्ट्यात बहुधा फक्त हिरवा दिवा असतो. त्याने नाडी कळते. अशा काही पट्ट्यांत ऑक्सिजनचा आकडा ९५ ते ९९ च्या मध्ये नुसता फिरवत ठेवलेला असतो. दिसायला लाल दिवाही लावतात, म्हणून दिव्यावर जाऊ नका.

पट्टा टॉवेलच्या गुंडाळीला बांधून पाहण्याची युक्ती पुरेशी नाही, चांगलं घड्याळही कधीकधी टॉवेलची नाडी दाखवतं. श्वास रोखून तर बिलकूल तपासू नका. ओपीडीत सहा मिनिटं चालण्याची चाचणी असते, तेव्हा पट्टा मनगटावर ठेवा आणि दर मिनिटाला पट्ट्याचा व डॉक्टरांच्या यंत्राचा असे दोन्ही आकडे लिहा. दोन-तीन अंकांचा फरक चालतो. डॉक्टरांचं यंत्र ९३ वरून ८६ वर आलं आणि पट्टा ९७ वरच राहिला, तर तो खेळणंच.

नुकसान पैशांपुरतं नाही. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांना ८८ ते ९२ एवढंच ठेवायला सांगितलेलं असतं. खोटं ९७ पाहून घरचे कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन पुरवणारं यंत्र) कमी करतात. उलट खोटा कमी आकडा पाहून ऑक्सिजन मिनिटाला दोनचे चार लिटर केले, तर काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते.

खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक शोधा. बारीक अक्षरात 'फक्त फिटनेससाठी' असेल, तर तोंडी बोलीला काही अर्थ नाही. ती व्हॉट्सॲपवर लेखी मागा. पैसे गेलेच असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, ऑनलाइन फसवणुकीला १९३०. बदलून देतो म्हणून कुणी पट्टा न्यायला आला, तर आधी पट्टा आणि चिमटा शेजारी ठेवून व्हिडिओ काढा, खोक्यावरच्या क्रमांकासकट.