पहिल्या पानाची हमी आणि हातून गेलेला पत्ता

मी वाईत राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर, २०१२ साली, मी परसबागेविषयी मराठीत ब्लॉग लिहू लागले. सुरुवात ब्लॉगर या गूगलच्या सेवेवरच्या फुकटच्या पत्त्यावर झाली आणि वाचक वाढल्यावर, २०१६ मध्ये, मी स्वतःच्या नावाचे डॉट कॉम डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घेतले. लिंबाला फुले येऊनही फळ का धरत नाही, कढीपत्त्याची कोवळी पाने पिवळी का पडतात, गच्चीवरच्या कुंडीत दोडका कसा चढवावा, असे साधे विषय असत. पण प्रत्येक गोष्ट आधी माझ्या अंगणात करून पाहायची आणि मगच लिहायची, असा माझा नेम होता. दहा वर्षांत तीनशेच्या वर लेख झाले. ते डोमेन आणि त्या पत्त्यावरचा वाचकांचा विश्वास मी सहा-सात महिन्यांत कसा गमावला, ते येथे क्रमाने लिहीत आहे. माझ्यासारखे एकट्याने मराठीत लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनाही असेच फोन येत आहेत.

मला फोन आला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. बोलणारा तरुण होता, मराठी स्वच्छ होते आणि त्याने माझे दोन लेख खरोखर वाचलेले होते. "मॅडम, आम्ही गूगलचे अधिकृत भागीदार आहोत. तुमचा मजकूर सोन्यासारखा आहे, पण तो गूगलपर्यंत पोहोचतच नाही," असे तो म्हणाला. नव्वद दिवसांत ब्लॉग शोधाच्या पहिल्या पानावर आणून देण्याची त्याने हमी दिली. त्यासाठी आरंभी १२,००० रुपये आणि नंतर दरमहा ४,५०० रुपये द्यायचे होते. मी कां कूं करते आहे हे पाहून त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला आणि तो चालू असतानाच मला मोबाइलवर गूगलमध्ये शोध घ्यायला लावला.

हा शोध नीट सांगायला हवा, कारण सारी फसगत त्या दोन मिनिटांत झाली. आधी त्याने मला ‘कढीपत्ता पिवळा उपाय वाई परसबाग’ असे लिहायला सांगितले आणि माझा लेख सर्वांत वर आला. वाई हा शब्द घालून कढीपत्त्याचा उपाय जगात कोण शोधणार आहे? हे पाचही शब्द एकत्र असलेले पान बहुधा माझेच होते, त्यामुळे ते वर येणारच होते. पण त्या क्षणी मला तो चमत्कार वाटला. मग त्याने नुसते ‘परसबाग माहिती’ असे लिहायला सांगितले. तेथेही माझा ब्लॉग पहिला आला, मोठमोठ्या वृत्तपत्रांच्या पानांच्याही वर. त्या ओळीजवळ बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे लिहिलेले होते; आता तेथे ‘प्रायोजित’ असे दिसते. गूगलकडून दुसऱ्याच्या संकेतस्थळाचीही, हव्या त्या गावापुरती जाहिरात विकत घेता येते, आणि त्याने ती एक-दोन दिवसांसाठी घेतलेली होती. मी ती बारीक अक्षरे वाचली नाहीत आणि त्याच संध्याकाळी १२,००० रुपये पाठवले. पैसे कोणत्याही संस्थेच्या नावे गेले नाहीत, एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यात गेले, हेही मला तेव्हा खटकले नाही.

शोधयंत्र एखादे पान वर का ठेवते, याची मला काहीही कल्पना नव्हती. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना गूगल उभे केले, ते एका साध्या विचारावर: एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा (लिंक) दिला, म्हणजे त्याची शिफारस केली, आणि ज्याची शिफारस स्वतः मान्यवर पाने करतात त्याला अधिक वजन द्यावे. आता त्याबरोबर इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात, पण दुव्याचे मोल आजही आहे. आणि ज्याला मोल आहे त्याचा बाजार भरतोच. मुदत संपलेली जुनी डोमेन विकत घ्यायची, त्यांत कसलाही मजकूर भरायचा आणि तेथून गिऱ्हाइकाकडे शेकडो दुवे सोडायचे, हा त्या बाजारातला नित्याचा धंदा आहे. याला आळा घालण्यासाठी गूगलने एप्रिल २०१२ मध्ये आपल्या क्रम लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आणला आणि मार्च २०२४ मध्ये अशी जुनी डोमेन वापरण्याविरुद्ध व यंत्राने घाऊक लेख पाडण्याविरुद्ध स्पष्ट नियम केले. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, तशी हमी देणाऱ्यापासून आणि आमच्याशी खास संबंध असल्याचे सांगणाऱ्यापासून सावध राहा, असे गूगल स्वतःच्या मार्गदर्शक पानांवर सांगते. ते पान मी वाचले, पण सहा महिने उशिरा.

दर महिन्याला मला रंगीत अहवाल येई. त्यात ‘डोमेन ऑथॉरिटी’ नावाचा एक आकडा ८ वरून २७ वर चढलेला दाखवला होता. हा आकडा मॉझ नावाची एक खासगी कंपनी शंभरपैकी देते आणि गूगल तो क्रम लावण्यासाठी वापरत नाही. अहवालात भेटींची संख्या तिप्पट झालेली होती. पण पूर्वी आठवड्याला वाचकांची पाच-सहा पत्रे येत, ती आता महिन्याला एखादे येऊ लागली होती. माणसे वाढली असती तर पत्रेही वाढली असती. त्या भेटी यंत्रांच्या होत्या. ही विसंगती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्याविषयी विचारले नाही, याचे मला सर्वाधिक वाईट वाटते, कारण वाचक हे माझे क्षेत्र होते. ते तरी मला कळायला हवे होते.

ऑक्टोबरमध्ये तो म्हणाला की तुमचा ब्लॉग मंद उघडतो, तो आमच्या वेगवान सर्व्हरवर हलवू, त्यासाठी डोमेनचा ट्रान्सफर कोड द्या. सर्व्हर, म्हणजे ब्लॉग जेथे साठवलेला असतो तो संगणक, बदलायला त्या कोडाची गरज नसते, हे मला कोणीतरी त्या दिवशी सांगायला हवे होते. डोमेन एका नोंदणी कंपनीकडून दुसरीकडे नेताना हा कोड लागतो आणि तो ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती घराची किल्ली गेली, असेच समजावे. नोंदणी कंपनीचे मला मंजुरी मागणारे पत्रही आले होते. मी ते न उघडता त्याला विचारले, तो म्हणाला, "हो, ते फक्त दाबून टाका," आणि मी दाबले. डोमेन त्याच्या नावावर गेले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझा एक जुना विद्यार्थी, जो पुण्यात संगणकाच्याच कामात आहे, घरी आला होता. कढीपत्त्याचा लेख त्याच्या आईला दाखवायचा म्हणून त्याने तो मोबाइलवर उघडला आणि थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "बाई, हे तुम्ही लिहिलंय?" लेखातल्या ‘पाणी बेताने घालावे’ या वाक्यातला ‘पाणी’ हा शब्द निळा झालेला होता. त्यावर बोट ठेवल्यावर क्रिकेटवर सट्टा लावण्याचे संकेतस्थळ उघडले. पुढे ‘कुंडी’ या शब्दामागे पत्त्यांच्या जुगाराचे संकेतस्थळ होते. मग त्याने गूगलमध्ये ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, विसर्गासारखे दोन टिंब देऊन, पुढे माझ्या ब्लॉगचा पत्ता टाकला. असे केल्यावर त्या पत्त्यावरची गूगलला ठाऊक असलेली पाने दिसतात. माझ्या तीनशे लेखांच्या जागी हजारांहून अधिक पाने होती आणि त्यांतली बहुतेक सट्ट्याची होती.

तेव्हा मला त्या फोनवाल्या तरुणाचा खरा धंदा कळला. माझ्याकडून घेतलेले एकूण ३९,००० रुपये ही त्याची वरकमाई होती. दहा वर्षे प्रामाणिकपणे लिहिल्या गेलेल्या, कधीही वेडेवाकडे न वागलेल्या ब्लॉगवरचा दुवा बाजारात महाग विकला जातो आणि माझ्या लेखांतले शब्द तो एकेक करून विकत होता. त्याला माझ्या ब्लॉगचे वय आणि नाव हवे होते.

विद्यार्थ्याने सर्च कन्सोल नावाची गूगलची सोय उघडली. ती फुकट असते, आपला ब्लॉग कोणत्या शब्दांनी शोधला जातो हे तेथे दिसते आणि मागच्या १६ महिन्यांची माहिती तेथे राहते. माझ्या ब्लॉगची मालक म्हणून तेथे माझे नावच नव्हते. माझा ब्लॉगचा पासवर्ड अजून चालत होता, म्हणून आम्ही माझीही मालकी सिद्ध केली. आत गेल्यावर मालक म्हणून त्या फोनवाल्याचे नाव दिसले, आणि तीन आठवड्यांपूर्वीची सूचनाही दिसली: कृत्रिम दुव्यांमुळे या संकेतस्थळावर कारवाई झाली आहे. नोव्हेंबरपर्यंत दिवसाला चारशेच्या आसपास माणसे शोधातून येत होती, ती आता वीसही राहिली नव्हती. पहिल्या पानाची हमी घेऊन मी शोधातूनच बाहेर फेकले गेले होते.

तरीही पैसे आणि क्रमांक यांपेक्षा मला जे लागले ते वेगळे आहे. त्या लोकांनी माझ्या नावाने साठेक लेख परस्पर टाकले होते. ते इंग्रजीतून यंत्राने उतरवलेले होते. वाफ्याला त्यात ‘मातीचा पलंग’ म्हटलेले होते. एका लेखात कुंडीतल्या लिंबाला दर आठवड्याला ५० ग्रॅम युरिया घालावा असे लिहिले होते. इतक्या युरियाने कुंडीतले झाड मुळांपासून जळू शकते. मिरजेच्या एका वाचकांनी तसे केले. नातवाच्या जन्माच्या वेळी लावलेले त्यांचे लिंबाचे झाड पंधरा दिवसांत वाळले आणि त्यांनी मला लिहिले, "बाई, तुमचे ऐकून केले." ते पत्र मी पुष्कळदा वाचले आहे. ज्या वाईत मराठी विश्वकोशाचे काम झाले आणि जेथे नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव छापले जाते, त्या गावात राहून माझ्या नावाखाली ही माहिती गेली.

मी त्या तरुणाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला की डोमेन परत हवे असेल तर ३५,००० रुपये लागतील. त्या रात्री आम्ही पासवर्ड बदलले. पण डोमेन त्याच्याकडे असल्याने दुसऱ्या दिवशी त्याने तो पत्ताच माझ्या ब्लॉगपासून तोडून आपल्या प्रतीकडे वळवला. १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर मी तक्रार नोंदवली. पोलिसांनी नीट ऐकून घेतले. पण पैसे जाऊन महिने उलटले होते, आणि हा क्रमांक खरा उपयोगी पडतो तो पैसे पुढे सरकण्याआधी, पहिल्या काही तासांत. डोमेनच्या वादासाठी आंतरराष्ट्रीय लवाद आहे, परंतु त्यात आपला ट्रेडमार्क असल्याचे दाखवावे लागते आणि जिनिव्हाच्या विपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) या संस्थेत किमान शुल्कच १,५०० डॉलर आहे. मला ते शक्य नव्हते. डोमेन हाती असते तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर आपोआप पाठवता आले असते. तेही करता आले नाही.

आता मी ब्लॉगरवरच्या जुन्याच पत्त्यावर परतले आहे. २०१६ पूर्वीचे लेख तेथे होतेच, पुढचे काही वह्यांतून आणि काही इंटरनेट आर्काइव्हने साठवलेल्या प्रतींतून मिळाले. दीडशेच्या वर पुन्हा उभे राहिले आहेत.

तुम्ही लिहीत असाल तर आजच, डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर नोंदले आहे ते स्वतः उघडून पाहा. मुलाने, पुतण्याने किंवा दुकानदाराने घेऊन दिले असेल तर विशेष पाहा. सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून तुमचे नाव आहे का आणि तुमच्याशिवाय आणखी कोणाचे आहे, हे तपासा. परका मालक काढताना त्याने मालकी सिद्ध करण्यासाठी ब्लॉगवर ठेवलेली फाइल किंवा खूणही काढावी लागते, नाहीतर तो पुन्हा आत येतो. कोणाला काम द्यायचेच असेल तर त्याला मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते द्या, स्वतःचा पासवर्ड देऊ नका. आणि तो दुवे कोठून आणणार हे विचारा. "ते आमचे गुपित आहे," असे उत्तर आले तर तेथेच बोलणे थांबवा.

माझ्या जुन्या डॉट कॉम पत्त्यावर अजून माझे नाव आणि माझ्या अंगणातल्या कढीपत्त्याचे छायाचित्र दिसते. तो पत्ता कोणी जपून ठेवला असेल तर कृपया पुसून टाका. ऑक्टोबर २०२२ नंतर तेथे आलेला एकही लेख माझा नाही. आणि युरियाचा तो लेख कोणी कागदावर उतरवून घेतला असेल, किंवा कोणाला पाठवला असेल, तर त्यांना एवढे कळवा की कुंडीतल्या लिंबाला युरिया घालू नये. पावसाळ्याच्या तोंडाशी दोन मुठी चांगले कुजलेले शेणखत कडेकडेने मातीत मिसळावे आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. मिरजेला मी नवे कलम पाठवले आहे.