नोटिफिकेशनमध्ये फोटो आणि बटणं: तयार टेम्प्लेट बरं की स्वतःचा लेआउट?

गेटवर कोणी आलं की वॉचमन फोटो काढतो, तो फोटो फ्लॅटमधल्या लोकांच्या मोबाईलवर जातो आणि खाली ‘सोडा’ आणि ‘नको’ अशी दोन बटणं. असलं काही अ‍ॅप करायला घेतलं असेल तर अँड्रॉइडवर एक प्रश्न येतोच, की सिस्टीमचं बिगपिक्चरस्टाइल (मोठा फोटो दाखवणारं तयार टेम्प्लेट) वापरायचं का रिमोटव्ह्यूजने (स्वतःचा लेआउट देण्याची सोय) सगळं आपल्या मनासारखं, म्हणजे कस्टम, बनवायचं. मी एका सोसायटीच्या अ‍ॅपसाठी दोन्ही करून बघितलंय आणि शेवटी तयार टेम्प्लेटवर थांबलोय, पण कस्टमवाल्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

कस्टमची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे नोटिफिकेशन मिटलेलं असतानाच बटणं दाखवता येतात. तयार टेम्प्लेटमध्ये वरून बॅनर आला तेव्हा बटणं दिसतात, पण तो निघून गेला आणि माणसाने नंतर शेड (वरून ओढायचा नोटिफिकेशनचा पडदा) खाली ओढली की बऱ्याचदा आधी नोटिफिकेशन उघडावं लागतं, मग बटण. गेटवर माणूस ताटकळत असताना हा एक जास्तीचा टच खटकतो, मान्य. शिवाय हिरवं बटण, लाल बटण, आयकॉन, हे कस्टममध्ये सहज होतं. तयारमध्ये अँड्रॉइड ७ पासून बटणावरचा आयकॉन शेडमध्ये दिसतच नाही, नुसती अक्षरं. डिझायनरला दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी ठेवून दाखवलेत तर तो कस्टमच उचलणार, यात मला शंका नाही.

पण माझ्यासाठी निकाल लागला तो मात्रा आणि उकारांवर. कस्टम लेआउटला जागा ठरलेली असते, मिटलेल्याला जुन्या हिशोबाने ६४ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) उंची आणि उघडलेल्याला २५६, त्यात नाव, कोणाकडे आलाय आणि बटणं बसवायची म्हणजे ओळी एकमेकींना चिकटवाव्या लागतात, आणि इंग्रजीत ते छान बसतं पण आपल्या लिपीला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार असतात त्यांना जागा लागते. फोनचा फॉन्ट एक पायरी मोठा केला की पहिल्यांदा खालचे उकार कापले जातात. ‘कुरिअर’ चक्क ‘करिअर’ दिसायला लागलं. ‘कुलकर्णी’मधला रफार वरच्या ओळीखाली गडप. आणि सोसायटीत फॉन्ट मोठा कोण ठेवतं, तर दुपारी घरी असणारे आजी-आजोबा, म्हणजे गेटचं नोटिफिकेशन खरं वापरणारी मंडळी तीच. अक्षराचं माप एसपीऐवजी (जे फोनच्या फॉन्टबरोबर वाढतं) डीपीमध्ये दिलं तर कापणं थांबतं, पण मग अक्षर मोठंच होत नाही, म्हणजे ज्यांना बारीक दिसत नाही त्यांनाच बारीक दाखवायचं. ओळ कमी केली तर बटणांना काय अर्थ, कोणाला सोडतोय तेच कळत नाही. तयार टेम्प्लेटमध्ये मजकूर लांबला तर शेवटी तीन टिंबं येतात, पण अक्षर अर्धं कापलेलं मला कधी दिसलं नाही.

त्यात अँड्रॉइड १२ पासून कस्टमलाही सिस्टीम स्वतःचा हेडर (आयकॉन आणि नावाचा ठरलेला भाग) लावतेच, म्हणजे ज्या मोकळेपणासाठी एवढा खटाटोप करायचा तोही अर्धा गेला. डार्क मोडचे रंगही आपणच सांभाळायचे, नाहीतर काळ्यावर काळी अक्षरं.

तयार टेम्प्लेटचेही त्रास आहेत. फोटो आडवा दाखवला जातो आणि वॉचमन फोटो काढतो उभा, त्यामुळे मधला पट्टा दिसतो आणि डोकं वर कापलं जातं. यावर उपाय सोपा आहे, सर्व्हरवरच चेहरा मध्ये धरून साधारण दोनास एक असा क्रॉप करून ठेवायचा. लार्ज आयकॉनलाही (मजकुराच्या बाजूचं छोटं चित्र) तोच फोटो द्या म्हणजे मिटलेलं असतानाही छोटा चेहरा दिसतो, फक्त उघडल्यावर तो दोनदा दिसू नये म्हणून बिगलार्जआयकॉन (उघडल्यावरचं तेच चित्र) नल, म्हणजे रिकामा, करा. बटणं तीनपर्यंत देता येतात पण मराठीत तिसरं दिलं की तिन्ही चेपतात. मला दोनच बरी वाटली, आणि तीही एकेका शब्दाची.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच, त्यामुळे त्यावरून निर्णय करू नका. एफसीएमच्या (गूगलची पुश मेसेज पाठवायची सेवा) नोटिफिकेशन पेलोडमध्ये (मेसेजमधून जाणारा मजकूर) अँड्रॉइडसाठी बटणं देताच येत नाहीत, डेटा मेसेज पाठवून नोटिफिकेशन आपणच उभं करावं लागतं, आणि पेलोड ४ केबीचा म्हणून फोटोची फक्त लिंक जाते. गेटवर नेट रडत असतं तेव्हा फोटोची वाट बघू नका, आधी मजकूर आणि बटणं दाखवा आणि फोटो आला की त्याच आयडीवर अपडेट करा, सेटओन्लीअलर्टवन्स लावून, म्हणजे परत टिंग वाजत नाही. घरातल्या एकाने ‘सोडा’ दाबलं की बाकीच्यांच्या फोनवरचं नोटिफिकेशन काढून टाका, हे फार महत्त्वाचं, नाहीतर पाच मिनिटांनी दुसरा कोणी ‘नको’ दाबतो. आणि लॉक असलेल्या फोनवरून लहान मुलाने बटण दाबून कोणालाही आत घेऊ नये यासाठी अँड्रॉइड १२ पासून बटणालाच अनलॉकची अट घालता येते, आयफोनवर ती सोय आधीपासून आहे.

आयफोनचा विषय निघालाच आहे तर, तिथे कस्टमचा फायदा आणखी कमी. कंटेंट एक्स्टेंशनने (आयफोनवर स्वतःचा लेआउट देण्याची सोय) केलेली सगळी सजावट लाँग प्रेस केल्यावर दिसते, तोवर उजवीकडे छोटा चौकोनी फोटो. म्हणजे त्या चौकोनात चेहरा नीट बसवणं एवढंच खरं काम उरतं.

तुमचं अ‍ॅप कॅबचं किंवा स्कोअरचं असेल, सतत वर राहणारं, आकडे बदलणारं, तर कस्टमचा विचार जरूर करा, तिथे मजकूर थोडा असतो आणि माझी अडचण तुम्हाला कदाचित येणारही नाही. पण लोकांची नावं मराठीत दाखवायची असतील तर डिझाइन फायनल करायच्या आधी एक फोन घ्या, फॉन्ट सगळ्यात मोठा करा, डार्क मोड लावा आणि ‘कुरिअर: सौ. कुलकर्णी, बी विंग’ एवढंच पाठवून बघा.