परभणीत अंगणाला काँक्रीट : नऊ महिने वापरून झाल्यावर

फेब्रुवारीत घरापुढच्या तीस बाय वीस फुटांच्या अंगणात चार इंच काँक्रीट करून घेतलं. आता नोव्हेंबर लागलाय. मधे एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊन आला. दहा बाय दहाच्या सहा पॅनलपैकी चार ठणठणीत आहेत, एकाचा वरचा थर बिघडलाय आणि एकाचा कोपरा मला स्वतःच्या पैशानं फोडून घ्यावा लागला. आपल्या भागात असं काम करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी वाचावं म्हणून सगळं लिहितोय.

आधी तिथं शहाबादी फरशी होती. काळ्या मातीवर नुसती वाळू टाकून बसवलेली. दर पावसाळ्यानंतर दोन-चार फरश्या डुगडुगायच्या, पाय ठेवला की खालचं पाणी पायजम्यावर. दोनदा उचलून परत बसवली, तिसऱ्यांदा हात जोडले.

काँक्रीटचं डोक्यात घातलं भाच्यानं. तो कॅनडात कॅलगरीला असतो. तिथं त्यानं गाडी लावायच्या जागेवर स्लॅब करून घेतला होता. (आपल्याकडं स्लॅब म्हटलं की माणूस वर बघतो; तिकडं खाली बघतात.) त्याच्या कंत्राटदारानं जो कागद दिला तो त्यानं मला पाठवला : ताकद ३२ मेगापास्कल (काँक्रीट किती दाब सोसतं त्याचं माप), पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, आणि काँक्रीटमध्ये ५ ते ८ टक्के हवा. हवा! मी आमच्या मिस्त्रीला हे वाचून दाखवलं तर तो थापी खाली ठेवून हसायला लागला. "गुरुजी, आपण व्हायब्रेटर लावून हवा काढायलोत, अन् ते पैसे देऊन हवा घालायलेत?"

भाच्यानं समजावलं ते असं. पाण्याचं बर्फ झालं की ते साधारण नऊ टक्के फुगतं. काँक्रीटच्या बारीक छिद्रांत मुरलेलं पाणी गोठलं की आतून रेटा देतं आणि वरचे पोपडे उडतात. म्हणून औषध घालून डोळ्याला न दिसणारे बुडबुडे मुद्दाम सगळीकडं पसरवतात, म्हणजे त्या रेट्याला जागा मिळते. आपण व्हायब्रेटरनं काढतो ती मोठी पोकळी, ती वेगळी. कॅलगरीची आणखी एक तऱ्हा म्हणजे भर हिवाळ्यात डोंगराकडून चिनूक नावाचा कोमट वारा येतो, एकाच दिवसात बर्फ वितळतं, पाणी मुरतं आणि रात्री परत गोठतं. नुसती कडक थंडी परवडली, हे गोठणं-वितळणं वाईट. त्यात लोक बर्फ वितळवायला मीठ मारतात. भाच्याला सांगितलं होतं, पहिल्या हिवाळ्यात मीठ अजिबात नको, घसरू नये म्हणून वाळू टाक. त्यानं ऐकलं. त्याच्या शेजाऱ्यानं नाही ऐकलं, त्याच्या स्लॅबचा फोटो मी पाहिलाय, जुन्या भिंतीला लोणा लागल्यावर गिलावा सुटतो ना, अगदी तसा.

आपल्याला हवेची गरज नाही. थंडीच्या लाटेत इथल्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाचच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात, पण जमिनीतलं पाणी काही गोठत नाही. कागदातलं मी घेतलं ते पाण्याचं प्रमाण, आणि खालच्या भरावाबद्दलचा त्याचा आग्रह. "मामा, वरचं काँक्रीट कुणीही करतं, खाली काय आहे ते बघा," असं तो तीनदा तरी म्हणाला असेल. आमची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, हे इथल्या कुणाला सांगायला नको. वरचं काँक्रीट कितीही भारी असलं तरी खालची जमीन अशी श्वास घेत असेल तर ते काय करणार?

म्हणून दोन फूट खोदलं. काळी माती पूर्ण काढणं शक्यच नव्हतं, ती खोल आहे. पण दीड फूट मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, धुमसानं चोपून भरायचा असं ठरलं. घराच्या जोत्याला लागून थर्माकोलची पट्टी उभी केली, म्हणजे अंगण आणि घर एकमेकांना ढकलणार नाहीत. उतार वीस फुटांत तीन इंच. आठ मिलिमीटरच्या सळईची जाळी प्रत्येक पॅनलला वेगळी, खाली कव्हर ब्लॉक. हे ब्लॉक महत्त्वाचे. नाहीतर सळई जमिनीवर लोळते आणि मिस्त्री म्हणतो, "माल टाकताना वर उचलू." कुणी उचलत नसतं.

माल एकास दीडास तीन, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी. दोन ब्रास काँक्रीटला शेहेचाळीस पोती सिमेंट लागलं. खरी भांडणं पाण्यावरून झाली. पन्नास किलोच्या पोत्याला ०.४५ म्हणजे साडेबावीस लिटर पाणी बसतं. मी बादलीला आतून ऑइल पेंटची रेघ मारून ठेवली होती आणि सकाळपासून मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. अकरा वाजता मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, माल लई घट्ट होयलाय, वडला जाईना." दोन पोत्यांनंतर आम्ही पंचवीसवर तडजोड केली आणि प्लॅस्टिसायझरचा, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या औषधाचा, डबा आणला, तेव्हा माल जरा सरकायला लागला. मी जेवायला आत गेलो तेवढ्या अर्ध्या तासात काय झालं ते पाचव्या पॅनलला विचारा. मी येईपर्यंत तिथं पाणी वर आलं होतं आणि ते सुकवायला कोरडं सिमेंट भुरभुरून लोखंडी थापीनं चकाचक केलेलं. तेव्हा दिसायलाही तेच सगळ्यात देखणं होतं. बाकीच्यांवर मी खराटा ओढायला लावला होता, त्यामुळं ते खरबरीत, गावंढळ दिसत होते. एप्रिलपर्यंत पाचव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आल्या आणि आता झाडलं की केरसुणीला राखाडी पीठ लागतं. खराट्याचे पॅनल जसेच्या तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर दहा फुटांवर एक इंच खोल कटरनं कापलं. जाडीचा चौथा भाग, एवढं पुरतं. शेजारचे म्हणाले, नव्या कामाला कापताय कशाला? काँक्रीट सुकताना आकसतं, ते कुठंतरी चिरणारच. मग आपण सांगू तिथं चिरू दे. भाच्याकडंही हेच करतात. पाणी मारण्याचं मात्र दोघांचं उलट. त्याच्याकडं ओलं काँक्रीट गोठू नये म्हणून गरज पडली तर वर गोधड्यांसारखी जाड पांघरुणं टाकतात, मी ओली गोणपाटं टाकून वर प्लास्टिक अंथरलं. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं कमीत कमी दहा दिवस, चौदा केले तर बरं. चौदा केले. नळाला रोज पाणी नाही, पण गोणपाट आणि प्लास्टिकमुळं दिवसाला चार-पाच बादल्यांत भागलं. बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग पडले होते, पहिल्या पावसात बरेच गेले.

मे महिन्याबद्दल खरं सांगायचं तर घरच्यांनी मला शिव्या घातल्या. दुपारी अनवाणी पाय टेकवता येत नाही आणि रात्री दहापर्यंत अंगण गरम वाफ सोडतं. पूर्वी संध्याकाळी सडा मारला की गार व्हायचं, तो वास गेला. एकच फायदा हिनं मान्य केला : कुरडया आणि सांडगे एका दिवसात कडकडीत वाळले.

आता कोपऱ्याची गोष्ट. मोरीकडचा पॅनल, सहावा. जुलैच्या पहिल्या जोरदार पावसानंतर त्याची बाहेरची कड वर आली. शेजारच्या पॅनलशी जोडावर बोट फिरवलं तर ठेच लागेल एवढी. चार दिवसांनी कोपरा कापल्यासारखी तिरकी चीर. ऑगस्टमध्ये चीर रुंद झाली, पाच रुपयांचं नाणं उभं जायला लागलं. मला आधी मोरीच्या पाण्याचा संशय आला, कारण ते कडेनं मातीत जातं. पण मग शेजारच्या पॅनललाही काहीतरी व्हायला हवं होतं. शेवटी सप्टेंबरात छिन्नी-हातोडा घेऊन माणूस लावला. चार इंच काँक्रीट उत्तम निघालं, माणसाला घाम फुटला. त्याखाली तीन इंच मुरूम. आणि त्याखाली काळी माती, आमचीच, फेब्रुवारीत खोदून बाहेर टाकलेली, परत आत भरलेली. हातात घेतली तर लोण्यासारखी.

भरावाच्या शेवटच्या दिवशी मी शाळेत होतो. मुरमाची शेवटची ट्रॉली आलीच नव्हती, पण मी संध्याकाळी येऊन वरून लालसर दिसतंय एवढं पाहिलं आणि तिचेही पैसे दिले. कंत्राटदाराला फोन केला तर म्हणाला, "तिकडचं पाणी मुरलं असंल, मोरीचं बघा." नंतर फोन उचलणं बंद. मिस्त्रीचं म्हणणं, भराव त्याच्या कामात नव्हता, आणि ते खरंय.

भाच्याला फोटो पाठवला. तिकडं रात्र होती तरी लगेच उत्तर आलं. त्याच्याकडंही गारठ्यानं जमीन वर उचलते, म्हणून खाली पाणी न धरणारी खडी भरून चोपतात, आणि त्याचा कंत्राटदार प्रत्येक थराचा फोटो काढून देतो. मी फोटो काढले होते काँक्रीटचे. भरावाचा एकही नाही.

जोड जूनमध्येच सिलंटनं भरायला हवे होते, तेही राहिलं. मुंग्यांनी एका जोडातून बरीच माती वर आणलीय आणि दुसऱ्यात हराळी उगवलीय. ते या महिन्यात करतोय. पाचव्या पॅनलला हात लावणार नाही, झाडत राहू. ओलं असताना त्यावर कुत्रं चालून गेलं होतं, त्याचे चार पंजे तेवढे अजून स्पष्ट आहेत.

सहाव्याचा कोपरा दीड फूट उकरून ठेवलाय. मुरूम काल आला. ट्रॉली आत यायच्या आधी मी फीत घेऊन चढलो, लांबी-रुंदी-उंची मोजली आणि मग फाटक उघडलं. ट्रॅक्टरवाला बघत होता. म्हणाला, "सोनं घ्यायलाव का काय गुरुजी?"