कुत्र्याच्या फिजिओथेरपीच्या नावाखाली 43,350 रुपये गेले, कोकणातल्या लोकांनी वाचाच

आधी आकडा सांगते. पहिल्या भेटीचे 1,500 रोख, दहा सिटिंगच्या पॅकेजचे 24,000, पावडरच्या तीन डब्यांचे 5,850 (डबा 1,950 चा) आणि पाण्याखालच्या ट्रेडमिलच्या बुकिंगचे 12,000. एकूण 43,350 रुपये. हातात आल्या चार सिटिंग, आणि कुत्रा मरता मरता वाचला. त्याला वाचवायला खऱ्या डॉक्टरांकडे आणखी 8,640 गेले, पण त्या पैशांबद्दल माझी तक्रार नाही.

आमचा बंड्या नऊ वर्षांचा, लॅब्रॉडोर आणि गावठी यांचं मिश्रण, वजन 34 किलो. 2025 च्या जुलैत, पाऊस आडवा लागला होता तेव्हा, मागच्या दारच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून घसरला. त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं हे आम्हाला दरवर्षी माहीत असतं, दरवर्षी चुना टाकतो, त्या वर्षी राहिलं. चिपळूणला नेऊन एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं, पण दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले निघाले. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम ही दुखण्या-सुजेवरची गोळी दिली, वजन उतरवायला सांगितलं आणि म्हणाल्या, फिजिओथेरपीचा चांगला उपयोग होईल, पण आपल्याकडे ती सोय नाही, मुंबई-पुण्याला जावं लागेल.

मी मूर्ख नाही, हे मला इथे सांगायचं आहे, कारण घरच्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी मला तसंच वागवलं. माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला चालतं केलं ते फिजिओनेच, रोज अर्धा तास, दीड महिना. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कुत्र्यांसाठीही हे सगळं खरंच असतं. पाण्याखालची ट्रेडमिल असते. पाणी खुब्यापर्यंत आलं की कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाचा निम्म्याहून कमी भार येतो, म्हणून दुखरा कुत्राही त्यात चालू शकतो. लेझर असतो, मसाज असतो, अ‍ॅक्युपंक्चरही करतात. उपचार खोटे नाहीत. खोटा निघाला तो माणूस. आणि 34 किलोचा कुत्रा भर पावसात महामार्गाच्या खड्ड्यांतून आठवड्यातून दोनदा मुंबईला नेणार कोण? अशा वेळी "घरी येऊन करतो" म्हणणारा भेटला तर तुम्हीसुद्धा फोन केला असता.

फोन नंबर व्हॉट्सअ‍ॅपवरून आला. सोबत एक व्हिडिओ होता, पाण्याच्या टाकीत चालणाऱ्या सोनेरी कुत्र्याचा. तो व्हिडिओ परदेशातला होता आणि आणखी तिघांच्या जाहिरातींत तोच आहे, हे मला नंतर कळलं. कार्डावर नावाआधी "डॉ." आणि खाली "कॅनाइन रिहॅब थेरपिस्ट". नोंदणी क्रमांक नव्हता. हा पहिला मुद्दा लक्षात ठेवा: जनावराचा डॉक्टर म्हणवणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि तो राज्य पशुवैद्यक परिषदेच्या यादीत आहे का ते बघा. परिषद नागपूरला आहे. क्रमांक विचारल्यावर खरा डॉक्टर रागावत नाही.

पहिल्या सिटिंगला तो पाऊण तास उशिरा आला. पडवीत बसला, चहा घेतला आणि पिशवीतून हातात मावेल एवढं मशीन काढलं. टोकाला लाल दिवा. तो दिवा त्याने बंड्याच्या पाठीवरून, केसांवरूनच, इस्त्री फिरवल्यासारखा फिरवला. दुसऱ्या हातात मोबाइल. माझी सहा वर्षांची नात समोर उकिडवी बसून त्या लाल उजेडाकडे टक लावून बघत होती. मी विचारलं, "डोळ्यांना काही होत नाही ना?" तो म्हणाला, "नाही ताई, हा थंड लेझर आहे, लहान बाळावरसुद्धा चालतो."

तिथेच त्याला उठवून बाहेर काढायला हवं होतं. आता मला माहीत आहे की उपचाराच्या लेझरला खोलीतल्या प्रत्येकाने चष्मा लावायचा असतो, कुत्र्याचेसुद्धा डोळे झाकतात, आणि त्याचा मुख्य किरण बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. दिसतो तो फक्त जागा दाखवणारा लाल ठिपका. पण चष्म्याचं सोडा. त्याने बंड्याला एकदाही उभं करून बघितलं नाही. एक्स-रे मी हातात दिला तर पाकिटातून बाहेरही न काढता परत दिला. माझा प्रश्न बरोबर होता. उत्तर पटलं नव्हतं. तरी गप्प बसले, कारण माणूस वीस किलोमीटर पावसातून आलाय, त्याला कसं तोंडावर बोलायचं. या भिडेने मला खाल्लं. त्याच संध्याकाळी, 11 ऑगस्टला, पॅकेजचे 24,000 पाठवले. खातं एका बाईच्या नावाचं निघालं, तर म्हणे मिसेसचं आहे. पावडरचे पैसे तिसऱ्याच नावावर गेले. उपचार करणारा एक आणि पैसे घेणारा दुसरा असला की तिथेच हात आखडा.

पावडर हाडजोडी, शल्लकी आणि हळदीची, पूर्ण आयुर्वेदिक, असं सांगितलं. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यावर फक्त पंजाचं चित्र. बनवणाऱ्याचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. मी विचारलं, डॉक्टरांची गोळी चालू आहे ती बंद करू का? तो म्हणाला, राहू दे, दोन्ही चालतं.

चौथ्या दिवशी बंड्या उठून गेटपर्यंत गेला. मी रडले. ओळखीच्या दोन घरी फोन करून याचा नंबर दिला. त्यातल्या एका घराचे 1,500 माझ्यामुळे गेले, ते मी त्यांना परत दिले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

आता पाण्याचं घमेलं. बंड्यासाठी मागच्या पडवीत ॲल्युमिनियमचं घमेलं ठेवलेलं असतं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा भरलं की पुरतं, नऊ वर्षं पुरलं. पावडर सुरू झाल्यावर आठवड्याभरात मी ते दिवसातून पाच वेळा भरत होते. दुपारी तळ दिसायचा आणि हा तळ चाटत बसलेला असायचा. भाकरी वाढली की दोन मिनिटांत खलास, पुन्हा ताटाकडे नजर. मला वाटलं बरा होतोय, भूक लागतेय. मग एका रात्री त्याने पडवीत मुतलं. नऊ वर्षांत, कितीही पाऊस असला तरी, त्याने घरात कधी मुतलं नव्हतं. मी त्याच्यावर ओरडले. हातात केरसुणी होती, ती उगारली. तो कोपऱ्यात जाऊन, भिंतीला तोंड करून बसला. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, घमेलं माझ्याच हातात होतं, आणि मी त्या मुक्या जनावरालाच दोष दिला.

28 ऑगस्टला त्याची शी डांबरासारखी काळी झाली. दुपारी उलटी, तीही तपकिरी. चिपळूणला पोचेपर्यंत हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टर मॅडमनी डबा बघितला, दोन प्रश्न विचारले (पाणी किती पितो, लघवी किती करतो) आणि म्हणाल्या, तपासल्याशिवाय लिहून देता येणार नाही, पण लक्षणं स्टिरॉइडची आहेत. स्टिरॉइडने सूज उतरते, म्हणून चौथ्या दिवशी तो चालला. पण मेलॉक्सिकॅमसारख्या गोळीबरोबर स्टिरॉइड पोटात गेलं की जठराला जखमा होतात. ती काळी शी म्हणजे पचलेलं रक्त होतं. चार दिवस सलाइन, इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या. आणि हे नीट वाचा: अशी पावडर तुमच्याकडे चालू असेल तर घाबरून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. आजच डॉक्टरांकडे जा, डबा बरोबर न्या. खूप दिवस घेतलेलं स्टिरॉइड उतरवत आणावं लागतं. माणसांची दुखण्याची गोळी तर कुत्र्याला देऊच नका, आणि मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विषच.

यात 12,000 कुठले? रत्नागिरीजवळ सेंटर सुरू होतंय, पाण्याखालची ट्रेडमिल येतेय, पहिल्या वीसजणांना सवलत, असं तो तिसऱ्या सिटिंगला म्हणाला होता. तारीख दिली 6 सप्टेंबर. बंड्या आजारी पडल्यावर फोन उचलणं बंद झालं, म्हणून मी त्याच तारखेला पत्त्यावर गेले. दाभोळची फेरीबोट, मग तवसाळहून जयगडची, मागच्या सीटवर बंड्या गोधडीत गुंडाळलेला. पत्त्यावर एक गाळा, शटर खाली, कुलपाला गंज. शेजारच्या गॅरेजवाल्याने माझ्याकडे बघितलं, गाडीत बघितलं आणि म्हणाला, "कुत्रा घेऊन आलात ना? सकाळपासून तुम्ही तिसऱ्या."

पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही. पहिल्या ठाण्यातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुत्र्यासाठी त्रेचाळीस हजार?" बाकीचे हसले. माझे पैसे, माझं जनावर, हसायला काय होतं त्यात? मग म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. तिथे म्हणाले, तुम्ही माणसाला समोर बघून, स्वतःच्या मर्जीने पैसे दिलेत, ही साधी फसवणूक, ठाण्यात जा. परत ठाण्यात, तर गाळा त्यांच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात, तर पैसे तुमच्या घरून गेलेत, तिकडे जा. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले, तर तो डॉक्टरच नाही म्हणून आमच्याकडे विषय येत नाही. अहो, तो डॉक्टर नाही हाच तर गुन्हा आहे! भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984, कलम 30: नोंदणी नसलेल्याने जनावरांवर उपचारांचा व्यवसाय करायचा नाही. मी कागद छापून नेला होता. तो कोणी हातात घेतला नाही. औषधांच्या कार्यालयात डबा नेला, तर बनवणाऱ्याचा पत्ता आणा म्हणाले. पत्ता नाही हीच माझी तक्रार आहे, हे मी तीन वेळा सांगितलं. चौथ्या वेळी माझा आवाज चढला तेव्हा मला बाहेर बसायला सांगितलं. पावसात सात फेऱ्या झाल्या. शेवटी ओळखीच्या वकिलांनी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 घालून अर्ज लिहून दिला, तेव्हा कुठे पोच मिळाली. गुन्हा अजून नोंदलेला नाही.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी 7 सप्टेंबरला फोन केला. पॅकेजचे पैसे गेल्याला तोवर 27 दिवस झाले होते, खात्यांत काही शिल्लक नव्हतं. हा फोन तासाभरात करायचा असतो. लाज वाटत बसलात तर मी बसले तसं होईल.

बंड्या आता 31 किलोवर आलाय. डॉक्टर मॅडम दर महिन्याला टेपने त्याच्या मांडीचा घेर मोजतात, मागचा पंजा उलटा टेकवून तो स्वतः सरळ करतो का बघतात, बोटांमध्ये चिमटा घेऊन बघतात. पहिल्यांदा त्यांनी हे केलं तेव्हा मला कळलं की तपासणं म्हणजे काय. घरी मी गरम कापडाचा शेक देते दहा मिनिटं, कापड आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघते. पडवीभर काथ्याचे पायपुसणे अंथरलेत, नखं वेळेवर कापते, सकाळ-संध्याकाळ वाडीच्या वळणापर्यंत हळूहळू चालवते. ह्या सगळ्याला महिन्याचे हजारसुद्धा लागत नाहीत.

6 सप्टेंबरला सकाळी त्या गाळ्यावर माझ्याआधी दोघंजण येऊन गेले. एकांचा काळा लॅब्रॉडोर होता, दुसऱ्या बाई रिक्षातून आल्या होत्या, असं गॅरेजवाला म्हणाला. तुम्ही हे वाचत असाल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट पुसू नका, पावडरचा डबा टाकू नका. माझ्याकडे तिन्ही खात्यांची नावं आहेत आणि एक डबा अजून अर्धा भरलेला आहे, तो मी सील करून कपाटात ठेवलाय.