मिनी पीसी आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर: मधली वायर कोणती?

मॉनिटर ठरला, मिनी पीसी ठरला, आता एचडीएमआयनं जोडू की यूएसबी-सीतून डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरला चित्र पोचवणारी एचडीएमआयसारखीच दुसरी जोडणी) काढू, एवढ्यावर अडलेल्यांसाठी हे लिहितोय. मी खानापुरात दोन्ही वापरून बघितलंय. मागचा पावसाळा एचडीएमआयवर काढला, यंदाचा यूएसबी-सीवर. मॉनिटर २७ इंची, २५६० बाय १४४०, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र नवं करणारा. काम मराठी-कन्नड डीटीपीचं: लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. संध्याकाळी त्याच मशीनवर भाचा गेम खेळतो.

एचडीएमआयची बाजू आधी मांडतो, कारण ती हलकी नाही. वायर गावातल्या मोबाईलच्या दुकानातही मिळते, उद्या तीच टीव्हीला लावता येते. मिनी पीसी आणि मॉनिटर दोन्हीकडं एचडीएमआयच्या २.१ आवृत्तीचं पोर्ट पूर्ण वेगाचं असेल, तर १४४ काय, त्याहून वरचंही ती आरामात पेलते. पण कमी किमतीच्या बऱ्याच मिनी पीसींना २.० च असतं, आणि तिथं हिशेब काठोकाठ होतो. सेकंदाला १८ गिगाबिट म्हणतात, त्यातले चित्राच्या वाट्याला १४.४ येतात. १४४० च्या पडद्याला १४४ हर्ट्झवर साध्या ८ बिट रंगांत साधारण १४ लागतात. म्हणजे बसतं, पण वर बोटभरही जागा राहत नाही. १६५ किंवा १८० चा मॉनिटर घेतला असेल, तर वरचे हर्ट्झ या वायरीवर मिळतील असं धरून चालू नका.

माझा मात्र १४४ चाच होता, आणि चालतही होता. अडलं दुसरीकडंच.

आमच्याकडं पाऊस लागला की लाईटचा भरवसा नसतो. इन्व्हर्टर आहे, पण लाईट जाऊन तो सुरू होईपर्यंतच्या क्षणात मॉनिटर विझतो. मिनी पीसी मात्र चालूच राहतो. मॉनिटर परत लागला की आपण काय काय दाखवू शकतो याची यादी कॉम्प्युटरला देतो आणि त्यावरून हर्ट्झ ठरतात. एचडीएमआयवर माझ्याकडं नेमकं तिथंच काहीतरी अर्धवट राहत असावं. विंडोज गुपचूप ६० वर यायचं. ना सूचना, ना काही. पडदा दिसायला तस्साच. मी तासभर काम करत बसायचो. मोठा अहवाल खालीवर सरकवताना अक्षरं ओढल्यासारखी दिसायची, कन्नडची ओत्तक्षरं (अक्षराखाली जोडलेली बारीक अक्षरं) तपासताना दर वेळी थांबून बघावं लागायचं, आणि मला वाटायचं की आज डोळेच दमलेत. संध्याकाळी भाच्यानं माऊस हलवला की दोन सेकंदांत त्याचा आवाज यायचा, "मामा, परत साठावर आलंय!" मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथं १४४. दिवसात चारदा लाईट गेली की हे चारदा. वायर बदलून बघितली, मॉनिटरचं दुसरं एचडीएमआय पोर्ट बघितलं, फरक पडला नाही. सगळ्यांकडं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजले ती न सांगता निघून जाते, हे मला शेवटपर्यंत पचलं नाही.

यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट वायर खानापुरात मिळाली नाही. २५-२६ किलोमीटर बेळगावला गेलो, तर दोन दुकानांत डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयच हातात ठेवली. शेवटी कुरिअरनं मागवली. मागवताना दिशा नीट वाचा: सी टोक कॉम्प्युटरला, डिस्प्लेपोर्ट मॉनिटरला. या वायरी बहुधा एकाच दिशेनं चालतात. आणि त्याआधी आपल्या सी पोर्टातून चित्र जातं का ते बघा. पुढच्या बाजूचं सी पोर्ट कित्येकदा फक्त डेटापुरतं असतं. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' हे शब्द सापडले की निश्चिंत व्हा. मधे डॉक (एका सी पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी) घालू नका. पुष्कळ डॉक सी वायरीतल्या डेटाच्या चार वाटांपैकी (लेन) दोन यूएसबीला देऊन टाकतात, आणि मग १४४ चं स्वप्न ६०-७५ वर येऊ शकतं. एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट काढणारे ॲडॉप्टरही असतात, त्यांना वेगळी पॉवर लागते. त्या वाटेला मी गेलो नाही.

वायर आली, लावली, आणि यंदाच्या पावसाळ्यात माझ्या आठवणीत एकदाच ६० दिसलं. लाईट तेवढीच जाते. मॉनिटर विझतो, परत लागतो, आणि १४४ जिथल्या तिथं असतात. भाच्याची हाक बंद झाली.

हिचीही एक खोड आहे, ती सांगायला हवी. मॉनिटर बंद केला की कॉम्प्युटरला वाटतं तो काढूनच नेला, आणि उघड्या खिडक्या कधीकधी विस्कटतात. विंडोज ११ मध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचं सेटिंग आहे, ते चालू ठेवल्यावर माझा त्रास बराच कमी झाला. शिवाय एक सी पोर्ट कायमचं अडकतं.

मिनी पीसीला आख्खं डिस्प्लेपोर्टच असेल, तर मग सीचीही गरज नाही, सरळ तीच वायर लावा. फक्त काढताना टोकावरची कळ दाबल्याशिवाय ओढू नका. एएमडीच्या मशीनवर लिनक्स चालवणारे असाल, तर २.१ च्या भरवशावर एचडीएमआय घेण्याआधी थांबा. एएमडीच्या खुल्या (ओपन सोर्स) ड्रायव्हरमध्ये २.१ आणायला एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमनं २०२४ मध्ये नकार दिला होता.

तुमच्या घरी लाईट टिकते, किंवा मॉनिटर चांगल्या यूपीएसवर आहे, आणि खोक्यातली एचडीएमआय १४४ दाखवतेय, तर नव्या वायरीवर खर्च करावा असं मी म्हणणार नाही. पण पैसे घालणारच असाल, तर माझं मत सीकडं जातं. लावल्यावर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १४४ एकदा स्वतःच्या हातानं निवडा. माझ्याकडं पहिल्या वेळी तीसुद्धा ६० वरच उघडली होती.