धंतोलीतील एका खासगी रुग्णालयाची शुश्रूषा

खुब्याचे हाड मोडल्याने आईवर नागपूरच्या धंतोलीतील एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारदांविषयी तक्रार नाही, खोली स्वच्छ होती, जेवण बेताचे होते. हा अभिप्राय मुख्यतः परिचारिकांविषयी आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जवळजवळ सर्व वेळ त्यांच्याच हाती असतो.

दिवसपाळीच्या सिस्टर बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आई असंबद्ध बोलू लागली; आम्ही ते वयावर ढकलले असते. त्यांनी मात्र पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, बोटाला ऑक्सिमीटर लावला, लघवीची पिशवी पाहिली, रात्री वेदनाशामक केव्हा आणि किती दिले होते हे नोंदींत तपासले आणि मगच डॉक्टरांना फोन करून सारे आकड्यांसह सांगितले. औषध लगेच बदलले गेले आणि संध्याकाळी आई नातवंडांची चौकशी करू लागली.

२०१४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांवरील अभ्यासात असे आढळले की, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तर शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला रुग्ण दाखल झाल्यापासून ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी असते, आणि प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, तर ती तितकीच वाढते. यातील दुसरा भाग रुग्णालये सोयीस्करपणे विसरतात. येथे रात्री संपूर्ण मजल्याला एकच सिस्टर होत्या. त्या तीन वर्षांचा जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा पदविका अभ्यासक्रम केलेल्या, अनुभवी आणि हाताने अतिशय हलक्या होत्या, तरीही सलाईनचा हात सुजल्याचे आम्हालाच दाखवून द्यावे लागले. दोष त्यांच्या शिक्षणाचा नव्हे, व्यवस्थापनाचा आहे.

दर्शनी भागातील फलकावर डॉक्टरांच्या पदव्या ठळक अक्षरांत आहेत. परिचारिकांपैकी किती पदवीधर आहेत, हे स्वागतकक्षात विचारल्यावर कोणालाही सांगता आले नाही. जी.एन.एम. झालेल्यांसाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम उपलब्ध आहे. देयकात शुश्रूषेचे शुल्क वेगळे आकारणाऱ्या रुग्णालयाने आपल्या अनुभवी सिस्टरांना त्यासाठी पगारी रजा द्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

शस्त्रक्रियेसाठी हे रुग्णालय मी अवश्य सुचवेन. रात्री मात्र घरचे जाणते माणूस सोबत ठेवावे.